चढाचा रविवार आणि सोबतीची पावले

गणपतीचे विसर्जन झाले, ढोलताशे थंडावले, की मुंबईच्या उपनगरांत पहाटेच्या अंधारात एक वेगळीच वर्दळ सुरू होते. बोरिवलीला पश्चिम द्रुतगती महामार्गालगतच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दारापाशी, मुलुंडला योगी हिलच्या पायथ्याशी, अंधेरी-मरोळकडून आरे वसाहतीत शिरणाऱ्या रस्त्यावर, अर्ध्या चड्डीतली आणि घामाने भिजलेल्या बनियनमधली माणसे दिसू लागतात. यांत बँकेतले कारकून आहेत, शाळेतल्या शिक्षिका आहेत, रिक्षाचालक आहेत, निवृत्त काका आहेत. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनची ही तयारी. तिथे धावणाऱ्यांत आपल्या जिल्ह्यातून नोकरीनिमित्त तिकडे गेलेली मुले-मुलीही पुष्कळ. दिवाळीत गावी आली की पहाटे उठून धरणाच्या रस्त्याने धावत सुटतात, आणि घरची मंडळी काळजीने विचारतात, ‘एवढे धावून छातीला काही होणार तर नाही ना?’

प्रश्न रास्त आहे. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर. मुंबईची ही शर्यत २००४ साली सुरू झाली. सुरुवातीला ती परदेशी पाहुण्यांची आणि लष्करातल्या जवानांची वाटे. आता सातारा, कोल्हापूर, नाशिक, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), लहानमोठ्या तालुक्याच्या गावीसुद्धा ‘मॅरेथॉन’ नावाच्या शर्यती होतात. त्यांतल्या बऱ्याच पाच किंवा दहा किलोमीटरच्या असतात, पण नाव मॅरेथॉनच. त्यामुळे होते असे, की दहा किलोमीटरचे पदक गळ्यात पडले की माणसाला वाटते, आता पुढच्या जानेवारीत मुंबई. दहा आणि बेचाळीस यांच्यातले अंतर केवळ चौपट नाही. तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरनंतर शरीराचे गणितच बदलते. ते कसे, हे आधी पाहू.

आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेली असते. त्या साठ्यातून ढोबळमानाने दोन हजार कॅलरींच्या आसपास ऊर्जा मिळते. धावताना दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे एक कॅलरी खर्च होते. म्हणजे साठ किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरला अडीच हजारांच्या घरात कॅलरी लागतात. जमा दोन हजार, खर्च अडीच हजार! ही तूट चरबीतून आणि वाटेत खाल्लेल्या पदार्थांतून भरून काढावी लागते. चरबी भरपूर असते, अगदी सडपातळ माणसाकडेही. पण ती जाळायला वेळ लागतो. जो पहिल्यापासून जोरात धावतो तो साखर आधी उडवतो, आणि मग पाय शिशाचे झाल्यासारखे होतात. हळू, लांब आणि नियमित धावण्याने शरीराला चरबी वापरण्याची सवय लागते. स्नायूंतल्या बारीक केशवाहिन्या वाढतात, ऊर्जा तयार करणारी पेशींतली केंद्रे वाढतात. आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या लांब दौडीचे महत्त्व एवढ्यासाठी.

आता ही लांब दौड सपाटीवर घ्यावी की चढउतारावर?

मुंबईची शर्यत समुद्राकाठची असली तरी ती संपूर्ण सपाट आहे असे समजू नये. वर्षानुवर्षे या शर्यतीच्या मार्गावर पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पस्तिसाव्या किलोमीटरच्या पुढे येत आला. मोटारीत बसून गेले तर तो चढ लक्षातही येत नाही. पण ज्याची साखर संपली आहे त्याला तो सिंहगडासारखा भासतो. तिथे चालू लागलेल्या, कठड्याला टेकलेल्या माणसांची रांग ज्यांनी पाहिली, त्यांना चढाचा सराव का हवा हे वेगळे सांगावे लागत नाही.

शर्यतीत चढ नसला तरीही चढाचा फायदा आहेच. चढ चढताना पावलांचा जमिनीवरचा आघात सपाटीपेक्षा कमी असतो. हृदय आणि फुफ्फुसांना भरपूर काम मिळते, नितंबांचे व पोटऱ्यांचे स्नायू बळकट होतात, आणि गुडघ्यांवर धडधड होत नाही. वजने उचलण्याच्या व्यायामाला पर्याय म्हणूनही चढ उपयोगी पडतो.

या पद्धतीचा सर्वांत गाजलेला पुरस्कर्ता म्हणजे न्यूझीलंडचा प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड. हा गृहस्थ बुटांच्या कारखान्यात काम करी आणि जोडीला पहाटे घरोघर दूध टाकी. (आरे वसाहतीतल्या धावकांना त्याच्याबद्दल विशेष आपुलकी वाटायला हरकत नाही!) त्याने स्वतःवर वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि मग आजूबाजूच्या मुलांना हाताशी धरले. ऑकलंड शहराबाहेरच्या वायटाकेरे डोंगररांगांतून जाणारा २२ मैलांचा, म्हणजे ३५ किलोमीटरचा चढउताराचा रस्ता त्याने ठरवला. दर रविवारी सर्वांनी मिळून तो धावायचा. जो आठशे मीटर धावणारा, तोही धावायचा. जो मॅरेथॉन धावणारा, तोही. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या पीटर स्नेलने ८०० मीटरचे आणि मरे हॅलबर्गने ५,००० मीटरचे सुवर्णपदक एकाच दिवशी जिंकले, आणि बॅरी मॅगीने मॅरेथॉनचे कांस्य. सारे जवळपासचेच, रविवारी एकत्र चढ चढणारे. पुढे याच लिडियार्डने हृदयविकारातून उठलेल्या, पोट सुटलेल्या मध्यमवयीन माणसांना हळूहळू पळवायला सुरुवात केली. त्याची एकच अट असे : धावताना शेजाऱ्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. आजही धावण्याचा वेग ठरवण्याची याहून सोपी कसोटी नाही. मनगटावरच्या घड्याळाचे आकडे नंतर पाहावेत.

आपल्याकडेही परंपरा नाही असे नाही. बेळगावचा फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावला आणि एकोणिसावा आला. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे आजच्यापेक्षा अर्धा किलोमीटर जास्तच होती. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरच्या शर्यतींतून आपले खेळाडू निवडण्यात आणि त्यांना परदेशी पाठवण्यात सर दोराबजी टाटा यांचा मोठा हात होता. मुंबई मॅरेथॉनला २०१८ पासून टाटांचे नाव लागले तेव्हा हे किती जणांना आठवले कोण जाणे. अलीकडची उदाहरणेही आहेत. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१२ ते २०१४ अशी लागोपाठ तीन वर्षे मुंबईत भारतीय महिलांत पहिली आली, आणि २०१६ साली रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. दुष्काळी भागातली माळराने हीच तिची पहिली धावपट्टी.

उपनगरांतले चढ

मुंबई म्हणजे समुद्र आणि गर्दी, अशी बाहेरगावच्या माणसाची समजूत असते. पण उपनगरांच्या मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल आहे. बोरिवलीच्या बाजूने शिरले की कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत डांबरी रस्ता जातो. दारापासून सहा-सात किलोमीटर. सुरुवातीला रस्ता अंगावर येत नाही. झाडी, ओढा, माकडे पाहत माणूस मजेत जातो, आणि शेवटच्या टप्प्यात चढ एकदम उभा राहतो. त्या बेसॉल्टच्या डोंगरात बौद्ध भिक्षूंनी शंभराहून अधिक लेणी खोदली. ते भिक्षूही हा चढ रोज चढतउतरत असतील, आणि तेही बुटांवाचून. एकदा जाऊन आले की बारा-चौदा किलोमीटर होतात. तयारी वाढली की लोक त्याला महामार्गालगतचा सपाट तुकडा जोडतात.

मुलुंडकरांना योगी हिलचा चढ घराशेजारीच आहे. आणखी हवे असेल तर ते ठाण्याला उपवन तलावावरून येऊरच्या घाटात जातात. अंधेरीकर आरेतून गोरेगावच्या बाजूला जातात. १९४९ साली गोठे शहराबाहेर हलवण्यासाठी वसवलेल्या या दुग्धवसाहतीचा रस्ता मोठा चढ देत नाही, पण सतत लाटेसारखा वरखाली होतो. नवशिक्याला हाच सर्वांत चांगला. घाटकोपरकरांची थोडी अडचण आहे. त्यांच्या टेकड्या घरांनी भरलेल्या, गल्ल्या अरुंद, पायऱ्यांच्या. ते पवईकडे सरकतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल म्हणजे दोनशे फुटांचा काळा सरळसोट खडक. तिथे धावणे नाही, पण गावदेवीच्या देवळापर्यंतच्या पायऱ्या चढणे हा चांगला व्यायाम आहे.

आपल्या वाचकांना यासाठी मुंबईला जाण्याचे कारण नाही. साताऱ्याला यवतेश्वरचा घाट आहे. तिथे २०१२ पासून डोंगरी अर्धमॅरेथॉन होते. नाशिकला पांडवलेणी, कोल्हापूरला पन्हाळ्याचा रस्ता, नागपूरला सेमिनरी हिल्स. रत्नागिरीकरांना तर सपाट रस्ताच शोधावा लागेल.

चढ चढताना पावले लहान टाकावीत, कमरेतून वाकू नये, नजर दहा-पंधरा मीटर पुढे ठेवावी. वेग कमी झाला तरी चालेल, श्वास मात्र सपाटीवर असतो त्याच्या आसपास राहिला पाहिजे. बोलताना शब्द तुटू लागले तर सरळ चालावे. यात कमीपणा नाही. कित्येक अनुभवी धावक चढावर चालतात आणि माथ्यावर पोचताच पुन्हा धावू लागतात.

खरी गोम आहे ती उतारात. चढताना दम लागतो म्हणून आपण चढाला घाबरतो, आणि उतारावर सैल सुटतो. इजा मात्र उतार करतो. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ब्रेकचे काम करतात. ते आकुंचन पावण्याचा प्रयत्न करीत असतानाच ताणले जातात आणि त्यांतले सूक्ष्म तंतू तुटतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या होतात त्या यामुळे. पण निसर्गाची मौज अशी, की तोच स्नायू एकदा असा दुखून बरा झाला की पुढच्या वेळी तेवढ्याच उताराला तो पुष्कळ कमी दुखतो, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. म्हणून उताराचाही डोस हवा, पण लहान मात्रेपासून वाढवत नेलेला. पहिल्या रविवारी कान्हेरीचा पूर्ण उतार पळत सुटू नये. पावले छोटी व भरभर टाकावीत, गुडघा किंचित वाकलेला ठेवावा, टाच पुढे रोवून ब्रेक मारू नये. पावसाळ्यात शेवाळ आणि ओला पाचोळा असेल तर उतार चालतच उतरावा.

अमेरिकेतल्या बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये याचा धडा दरवर्षी मिळतो. तिचा मार्ग सुरुवातीला उतरता आहे. नवखे तिथे आनंदाने सुसाट सुटतात, आणि मग साधारण बत्तिसाव्या किलोमीटरपाशी न्यूटनच्या टेकड्यांत त्यांच्या मांड्या जबाब देतात. तिथल्या शेवटच्या चढाला लोकांनी ‘काळीज फोडणारी टेकडी’ अशा अर्थाचे नाव दिले आहे. दोष मात्र त्या चढाचा नसून आधीच्या उतारांचा असतो.

आठवड्यांचा हिशेब

ज्याला आज न थांबता तासभर आरामात धावता येत नाही, त्याने यंदा पूर्ण मॅरेथॉनच्या भानगडीत पडू नये. दहा किलोमीटर किंवा अर्धमॅरेथॉन करावी, वर्षभर धावत राहावे, मग पाहू. ज्याला येते, त्याने शर्यतीच्या सुमारे अठरा आठवडे आधी, म्हणजे सप्टेंबरच्या मध्याला सुरुवात करावी. रविवारची दौड १४ किलोमीटरपासून धरली, तीन आठवडे दोन-दोन किलोमीटर वाढवली आणि चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी केली, की डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत ३०-३२ किलोमीटरचा पल्ला गाठता येतो. एक रविवार चढाचा, एक सपाटीचा. चढाच्या रविवारी किलोमीटर मोजण्यापेक्षा वेळ मोजावा, कारण तेच अंतर अधिक दमवते. शेवटची मोठी दौड शर्यतीआधी तीन आठवडे, आणि त्यानंतर मोठा उतार अजिबात नको. शेवटच्या तीन आठवड्यांत धावणे कमी करताना माणसाला अपराधी वाटते. वाटू द्यावे. बाकीच्या आठवड्यात तीन हलक्या दौडी, एक दिवस मांड्या, नितंब व पोटाच्या स्नायूंचे व्यायाम, आणि निदान एक पूर्ण विश्रांतीचा दिवस.

खाण्याचा सरावही रविवारीच करायचा. दीड तासाहून जास्त धावायचे असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ लागतात. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. केळी, खजूर, गुळाची चिक्की, मीठ-साखरेचे लिंबू सरबत यांत काही कमी नाही. महागड्या पाकिटातली जेल ज्याला परवडते त्याने घ्यावी. पण शर्यतीच्या दिवशी ती पहिल्यांदा चाखू नये, पोट बिघडते.

पाण्याबाबत दोन्ही टोके वाईट. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो, आणि शरीर थंड होत नाही. ऑक्टोबरमध्ये हे विशेष जाणवते. पण भीतीपोटी लिटरच्या लिटर साधे पाणी पिणेही धोक्याचे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ धावकांचे रक्त तपासले तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तातले सोडियम प्रमाणाबाहेर घटलेले आढळले, आणि त्यांतल्या पुष्कळांचे वजन शर्यतीनंतर वाढलेले होते. फार घटले तर मेंदूला सूज येऊन झटके येतात. उपाय सोपा आहे. रविवारी धावण्यापूर्वी व नंतर वजन करावे. एक किलो घटले म्हणजे सुमारे एक लिटर घाम गेला. थोडे घटलेले चालते, वाढलेले मात्र चालत नाही. एरवी तहान लागेल तसे प्यावे.

बायकांसाठी एक वेगळी सूचना. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. चढावर दम लागतो, पाय गळतात, आणि ती बिचारी समजते की आपला सरावच कमी पडतो. तयारी सुरू करण्यापूर्वी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

ताप असताना धावू नये, बरे वाटले तरी लगेच लांब दौड घेऊ नये. विषाणूच्या काही तापांत हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून धावलात आणि पायाला जखम किंवा भेग असेल, तर लेप्टोसाठी प्रतिबंधक गोळीबद्दल डॉक्टरांना लगेच विचारावे. आणि अंग दुखेल म्हणून दौडीआधीच आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या खाण्याची जी टूम निघाली आहे ती घातक आहे. घामाने पाणी आटलेल्या शरीरात त्या मूत्रपिंडावर घाव घालतात. दौडीनंतर लघवी कोलासारखी काळपट झाली तर घरी न थांबता रुग्णालय गाठावे.

सोबती कशासाठी?

पहाटे साडेचारला गजर होतो तेव्हा बाहेर अंधार असतो आणि पांघरूण उबदार असते. त्या क्षणी माणसाला उठवते ती आरोग्याची आवड नव्हे. कोपऱ्यावरच्या दुधाच्या केंद्रापाशी कुणीतरी आपली वाट पाहत उभे आहे, ही लाज उठवते. सोबत्याचा पहिला उपयोग हा.

दुसरा उपयोग मानसशास्त्राचा. १९२० च्या दशकात ऑटो कोहलर या जर्मन शास्त्रज्ञाने बर्लिनच्या नौकानयन मंडळातल्या तरुणांकडून वजने उचलवून घेतली. जोडीने काम करताना दोघांतला कमकुवत गडी एकट्याने करी त्यापेक्षा जास्त वेळ टिके. जोडीदार थोडा सरस असला की हा परिणाम चांगला दिसे; फार सरस असला की मावळे. म्हणून सोबती निवडताना आपल्याहून किंचित बरा निवडावा, फार वेगवान नको. त्याच्या मागे फरफटत जाण्याने रविवारची दौड ही दर आठवड्याची शर्यत होऊन बसते. असे गट पुष्कळ आहेत. कान्हेरीच्या रस्त्यावर एकमेकांना मागे टाकण्यात यांचा मोसम निघतो, आणि डिसेंबरात निम्मे लोक गुडघ्याला पट्टा बांधून बसतात. ज्याच्याशी गप्पा मारता येतात, जो आपण चालू लागलो तर तोंड वाकडे न करता चालतो, तो सोबती चांगला. गटातले साठीचे काका बहुधा असे असतात.

तिसरा उपयोग जिवाचा. २१ जानेवारी २०२४ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये दोघांचा मृत्यू झाला. एक सत्तरी उलटलेले, दुसरे अवघे चाळिशीतले. अशा बातमीने घाबरून जाण्याचे कारण नाही, पण आकडे नीट पाहावेत. २००० ते २०१० या काळात अमेरिकेत मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख धावकांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ५९ जणांचे हृदय बंद पडले, ४२ दगावले. ५९ पैकी ५१ पुरुष. पूर्ण मॅरेथॉनमध्ये हे प्रमाण अर्धमॅरेथॉनच्या तिपटीहून अधिक होते. एकंदर धोका फार थोडा, हे खरे. पण जे वाचले ते बहुतेक शेजारच्या माणसाने तत्काळ छाती दाबायला सुरुवात केली म्हणून वाचले.

शर्यतीत निदान रुग्णवाहिका असते. रविवारी पहाटे पाच वाजता आरेच्या वळणावर कोण असते? फक्त आपला सोबती.

म्हणून गटातल्या प्रत्येकाने हे शिकून घ्यावे. माणूस कोसळला, हाका मारून प्रतिसाद देत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके आहेत, तर नाडी शोधण्यात वेळ दवडू नये. एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी, हाडावर, तळहाताची टाच ठेवून, त्यावर दुसरा हात ठेवून, कोपर ताठ ठेवून दाबावे. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत न थांबता. दाबणारा दोन मिनिटांत दमतो, तेव्हा पाळी बदलावी. सबब दोघांपेक्षा तिघांचा गट बरा.

उष्माघातातही तेच. ज्याला उष्माघात होत असतो त्याला स्वतःला ते कळत नाही. तो असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, चिडतो, आणि धावतच राहतो. हे लक्षात येते ते शेजारी धावणाऱ्याच्या. त्याला तिथल्या तिथे सावलीत घ्यावे, कपडे सैल करावेत, मिळेल त्या पाण्याने अंग भिजवून वारा घालावा, मिळाला तर बर्फ लावावा. आधी गार करणे, मग नेणे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नये.

जंगलाच्या रस्त्यावर सोबतीचे आणखीही एक कारण आहे. राष्ट्रीय उद्यानात बिबटे आहेत, आरे आणि येऊरच्या कडेलाही येतात. अंधारात एकट्याने, कानात गाणी घालून धावणे हा शहाणपणा नाही. उद्यानाच्या ठरलेल्या वेळेतच जावे, गटाने जावे, बोलत जावे. बायकांना तर या एका कारणासाठी गट हवा असतो असे नाही. बिबट्यापेक्षा माणसाचा उपद्रव जास्त, हे त्या स्वतःच सांगतात.

सोबत कितीही चांगली असली तरी ती तपासणीची जागा घेत नाही. वय चाळिशीपुढे, मधुमेह, रक्तदाब, तंबाखू किंवा सिगारेट, घरात कुणाला लहान वयात हृदयविकार, यांतले काही असेल तर तयारीआधी डॉक्टरांना दाखवावे. कार्डिओग्राम, ताणचाचणी वगैरे काय करायचे ते ते ठरवतील. ताणचाचणी चांगली आली म्हणजे अभयपत्र मिळाले असेही नव्हे. चढावर छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, नेहमीच्या चढाला एकाएकी नेहमीपेक्षा जास्त दम, यांतले काहीही झाले तर त्या दिवशीची दौड तिथेच संपली. आम्ही हे सांगतो तेव्हा लोक म्हणतात, ‘पित्त असेल.’ असेलही, पण ते डॉक्टरांनी तपासून सांगू द्यावे. आणि सोबत्यांनी भिडेखातर गप्प बसू नये. ‘अहो, चला, परत फिरू,’ असे म्हणणारा एक तरी गटात असावा. धावणाऱ्याचे नाव, रक्तगट, चालू औषधे आणि घरचा फोन नंबर कागदावर लिहून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवला की काम भागते.

शर्यतीच्या दिवशी सोबत्यांनी शेवटपर्यंत एकत्र धावायचा हट्ट धरू नये. अर्ध्यापर्यंत बरोबर जावे, पुढे ज्याला जमेल त्याने जावे, हे आधीच बोलून ठेवावे. नाहीतर एकजण दुसऱ्यासाठी थांबतो किंवा दुसरा पहिल्यासाठी ओढला जातो, आणि दोघांचेही बिघडते.

राहता राहिला सोमवार. चढाच्या रविवारनंतर स्टेशनच्या पुलावर मॅरेथॉनवाले बरोबर ओळखू येतात. चढताना ते ठीक असतात. उतरताना कठडा धरून, खेकड्यासारखे आडवे, एकेक पायरी उतरतात. हे दुखणे चोवीस ते बहात्तर तास राहते, त्याला गोळी लागत नाही. सपाटीवर थोडे चालावे, झोप पुरेशी घ्यावी, जेवणात डाळ-उसळ, दही, अंडे असू द्यावे. चौथ्या दिवशीही एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असे दुखत असेल तर मात्र ते स्नायूंचे नेहमीचे दुखणे नव्हे. हाडाला तडा असू शकतो, आणि धावणे बंद ठेवून ते अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.